प्रसाधनें आणि घरची परीक्षा

प्रसाधनाचा इतिहास लिहितांना लेखक बहुधा सौंदर्याच्या कल्पना कसकशा पालटत गेल्या हें सांगतात. कोणत्या काळीं गोरेपणास मान होता, कोणत्या देशांत भुवया कोरीत असत, कोणत्या राणीच्या मुखावर कोणता लेप असे, याचीं वर्णनें मनोरंजक असतात यांत शंका नाहीं. परंतु या सर्व वर्णनांच्या तळाशीं एक प्रश्न बहुधा न विचारलेलाच राहतो. तो असा कीं, एखादा लेप, रंग किंवा अंजन अंगास लावण्यापूर्वीं तें अपायकारक नाहीं याची परीक्षा कोणीं केली, आणि ती कोणाच्या अंगावर केली? या प्रश्नाचा माग काढीत गेलें असतां असें आढळतें कीं, शतकानुशतकें ही परीक्षा घरींच होत आलेली आहे, आणि ती लावणारीनेंच आपल्या कातडीवर केलेली आहे. आपण कशाची परीक्षा करीत आहों हें मात्र पूर्वीं तिला ठाऊक असे. मध्यंतरीं तें ठाऊक नाहींसें झालें. आणि अलीकडे कायद्याच्या बळावर तें पुन्हां थोडेंफार कळूं लागलें आहे. या स्थित्यंतराचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्याकडील ग्रंथांपासून आरंभ करूं. वात्स्यायनानें कामसूत्रांत ज्या चौसष्ट कला गणल्या आहेत त्यांत ‘गंधयुक्ति’ ही एक आहे. सुगंधाचीं व अंगलेपाचीं द्रव्यें योग्य प्रमाणांत एकत्र करण्याची ही कला होय. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. पिकलेले केंस काळे करण्याची कृति त्यांत आहे. कोद्र्याचे तांदूळ लोखंडाच्या भांड्यांत आंबट शुक्तांत लोहचूर्णासह शिजवावे, बारीक वाटून केंसांना लावावे, वर ओलीं पानें बांधून दोन प्रहर बसावें; नंतर तो लेप काढून आंवळ्याचा लेप द्यावा, पुन्हां दोन प्रहर थांबावें आणि मग डोकें धुवावें. लोह आणि आंवळ्यांतील तुरट द्रव्य यांच्या संयोगानें काळा रंग उत्पन्न होतो, हें आजच्या रसायनशास्त्रासहि मान्य आहे. त्याच अध्यायांत सोळा द्रव्यांतून चार चार द्रव्यें निवडलीं असतां १८२० मिश्रणें होतात असा हिशेब दिलेला आहे आणि तो बिनचूक आहे.

ही परंपरा पुढें महाराष्ट्राच्या अगदीं जवळ येते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३१ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत स्नान, विलेपन इत्यादि भोगांचें सविस्तर वर्णन आहे. त्याहून महत्त्वाचा एक पुरावा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनीं उजेडांत आणला. ‘गंधवाद’ नांवाच्या संस्कृत ग्रंथाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताचें विवेचन त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. या ग्रंथावर जुन्या मराठींत टीका आहे, आणि तिचा काळ गोडे यांनीं इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरविला. सुगंधी तेलें व लेप करण्याच्या शास्त्रावर कोणास तरी मराठींत टीका लिहावीशी वाटली, यावरून त्या टीकेचा वाचक केवळ संस्कृतज्ञ पंडित नव्हता असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. ज्याला द्रव्यें तोलावयाचीं, कुटावयाचीं आणि कढवावयाचीं होतीं, त्याच्यासाठीं ती टीका असली पाहिजे.

या सर्व ग्रंथांत एक गोष्ट समान आहे. द्रव्य कोणतें, किती, कोणत्या भांड्यांत, किती वेळ, आणि शेवटीं फळ काय, हें सर्व उघड सांगितलेलें असतें. जें ग्रंथांत तेंच घरांत. दिवाळीच्या उटण्यांत वाळा, नागरमोथा, चंदन, कचोरा, आंबेहळद घालावी हें घरांतील वडील बाईस तोंडपाठ असे. हळकुंडें लिंबाच्या रसांत व टाकणखारांत मुरवून कुंकू करीत. तेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचें भांडें पालथें धरून काजळ पाडीत. करणारी आणि लावणारी एकच असल्यामुळें परीक्षेचा क्रमहि सहज लागलेला असे. आधीं हाताला लावून पाहावें, आग झाली तर धुवून टाकावें, आणि पुढच्या खेपेस तें द्रव्य कमी करावें. कशानें आग झाली हें तिला शोधून काढतां येई, कारण वाटींत काय घातलें हें तिनेंच पाहिलेलें होतें.

एवढ्यावरून जुनें तें सर्व सोन्यासारखें होतें असा निष्कर्ष काढणें मात्र इतिहासाशीं प्रतारणा होईल. सुश्रुतसंहितेंत नको असलेले केंस काढण्यासाठीं शंखाचें चूर्ण व हरताळ यांचा लेप सांगितला आहे. आणि हरताळ हें सोमलाच्या जातीचें, गंधकयुक्त विषारी खनिज आहे. डोळ्यांत घालावयाचा खरा सुरमा शिशाच्या खनिजापासून होतो. शेंदूर हा तर शिशाचाच तांबडा भस्मप्रकार. हीं द्रव्यें वापरणाऱ्यांना त्यांचीं नांवें ठाऊक होतीं. परंतु शिसें रोज थोडें थोडें शरीरांत सांचतें आणि वर्षांनीं त्याचें फळ दिसतें, हें त्यांना ठाऊक नव्हतें. येथें घरच्या परीक्षेची मर्यादा स्पष्ट होते. आज लावलें आणि उद्यां खाज सुटली, तर तें या परीक्षेंत सांपडतें. आज लावलें आणि पांच वर्षांनीं मूत्रपिंड किंवा मज्जातंतु बिघडले, तर तें सांपडत नाहीं. संथ विष आणि घरगुती अनुभव यांच्या झगड्यांत विषाचीच सरशी होते.

युरोपाचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. रोमन कवि ऑव्हिड याच्या मुखप्रसाधनावरील काव्याच्या सुमारें शंभर ओळी उपलब्ध आहेत. त्यांत एका कृतींत जव, अंडीं, नरगिसाचे कंद आणि मध यांचीं मापें दिलीं आहेत. आणि दुसरींत सफेता, म्हणजे शिशाचें पांढरें भस्म, निःशंकपणें घातलें आहे. इटलींतील इमोला व फोर्ली या संस्थानांची स्वामिनी कातेरीना स्फोर्झा इ. स. १५०९ मध्यें मरण पावली. तोफा डागण्याविषयीं तिची जेवढी ख्याति होती, तेवढाच तिला औषधें, किमया व प्रसाधनें यांचा नाद होता. तिनें जमविलेल्या कृतींचा संग्रह चारशेंहून अधिक कृतींचा असून, त्याचें नांवच ‘प्रयोग’ असें आहे. या नांवांत त्या काळाची वृत्ति दिसून येते. कृति ऐकावी, करून पाहावी, साधली तर तशी नोंद करावी, हा त्या गृहिणींचा क्रम होता. तरीहि शिशाचे पत्रे शिर्क्याच्या वाफेंत ठेवून केलेला सफेता पुढें दोनतीनशें वर्षें युरोपांतील उच्च कुळांतील स्त्रियांच्या मुखावर चढत राहिला. इंग्लंडांतील कॉव्हेंट्रीची उमरावपत्नी मारिया गनिंग ही १७६० सालीं ऐन सत्ताविशींत वारली. तिचा मृत्यु या सफेत्यानेंच ओढवला अशी समजूत तेव्हांपासून रूढ आहे.

येथवर निदान एवढें तरी होतें, कीं सफेता लावणारी स्त्री आपण सफेता लावीत आहों हें जाणत होती. एकोणिसाव्या शतकांत कारखाने, छापील जाहिराती आणि टपाल यांच्या साहाय्यानें प्रसाधनांचा व्यापार वाढला, आणि बाटलींतील द्रव्याचें नांव जाऊन त्याच्या जागीं एक मोहक नांव आलें. अमेरिकेंत ‘ब्लूम ऑफ यूथ’, म्हणजे तारुण्याचा बहर, या नांवाचें एक मुखलेपन विकलें जात असे. न्यू यॉर्कचे शल्यचिकित्सक लुईस सेअर यांनीं १८६९ सालीं अमेरिकन वैद्यक संघाच्या वृत्तांतांत तीन तरुण स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. हें लेपन वापरून त्यांच्या हातांतील शक्ति गेली होती. मनगटें लुळीं पडलीं होतीं. कारण अर्थातच शिसें. कातेरीना स्फोर्झाच्या काळच्या स्त्रीला परिणामाचें अज्ञान होतें. या तिघींना परिणामाचें आणि द्रव्याचें असें दुहेरी अज्ञान होतें. रोगाचें मूळ शोधण्याचा एकमेव धागा, म्हणजे बाटलींत काय आहे हें ज्ञान, तोच विक्रेत्यानें आपल्यापाशीं ठेवून घेतला होता.

बाटली आली म्हणजे विषच आलें असें मात्र कोणीं समजूं नये. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, मुंबईस इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनीं सुरू केलेला ‘अफगाण स्नो’ हिंदुस्थानांतील घराघरांत पोंचला आणि पुष्कळ काळ लोकप्रिय राहिला. ‘स्नो’ या जातीचें मूळ रसायन साधें असतें: चरबीपासून निघणारें एक मेणचट आम्ल, तें अंशतः साबणांत पालटण्यापुरता क्षार, आणि पाणी. चोळतांच तें विरून जातें व वर एक पुसट पांढुरकी झांक उरते. तथापि हें रसायन ज्या गृहिणीच्या आरशापुढें येऊन बसलें तिला त्यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. तिच्या आईला उटण्यांतील प्रत्येक मुळीचें नांव सांगतां येत होतें. तिला फक्त डबीवरचें नांव सांगतां येत होतें. वस्तु निरुपद्रवी असली तरी तिची परीक्षा आतां विश्वासावर होऊं लागली, आणि विश्वासाचा दुरुपयोग करणारे व्यापारांत सदैव असतात.

तो दुरुपयोग किती दूर जाऊं शकतो हें अमेरिकेनें १९३० नंतरच्या दशकांत पाहिलें. तेथील १९०६ चा अन्न व औषधि विषयक कायदा प्रसाधनांना लागूच नव्हता. ‘कोरेम्लू’ नांवाचें केंस काढण्याचें एक मलम त्या सुमारास खुलें विकलें जात होतें. त्यांत थॅलियम हें उंदरांच्या विषांत वापरीत तेंच द्रव्य होतें. ओंठांवरची लव जावी म्हणून तें लावणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरचे केंस गळले आणि कित्येकींचे पाय लुळे पडले. १९३३ सालीं ‘लॅश लूर’ हा पापण्यांचा रंग आला; त्यानें कित्येकींच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, कोणाची दृष्टि गेली, एक स्त्री मरण पावली. सरकारी खात्यांतील अधिकाऱ्यांजवळ या वस्तु बाजारांतून उठविण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांनीं त्यांचें एक प्रदर्शनच भरविलें. त्यावर आधारलेलें ‘अमेरिकन चेंबर ऑफ हॉरर्स’ हें पुस्तक त्याच खात्यांतील रूथ डिफॉरेस्ट लॅम्ब यांनीं १९३६ सालीं लिहिलें. तरीहि नवा कायदा होण्यास १९३८ साल उजाडावें लागलें. आणि तो झाला तोहि मुख्यतः १९३७ सालीं एका विषारी औषधानें शंभराहून अधिक माणसें दगावलीं म्हणून. स्त्रियांचे डोळे आणि पाय यांचें गाऱ्हाणें एकटें तेवढें भारी ठरलें नाहीं, ही गोष्ट इतिहासकारानें नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

याच कायद्यांत आपल्या विषयाच्या दृष्टीनें एक विलक्षण कलम आहे. केंसांना लावण्याच्या बहुतेक टिकाऊ रंगांत डांबरापासून निघणारीं द्रव्यें असतात. त्यांतील मुख्य द्रव्य पॅराफेनिलिनडायअमीन. पापण्यांच्या त्या रंगांतहि तेंच होतें. कांहीं माणसांना त्याचा तीव्र प्रकोप होतो. असे रंग बंद करावे तर व्यापार बुडतो, चालूं द्यावे तर इजा होते. कायद्यानें मधला मार्ग काढला: डोक्याच्या केंसांसाठीं हे रंग विकण्यास मुभा द्यावी, पण यानें कांहीं व्यक्तींच्या त्वचेस अपाय होऊं शकतो व आधीं सूचनेप्रमाणें चांचणी करावी, असा इशारा वेष्टनावर छापलाच पाहिजे. पापण्या व भुवयांसाठीं मात्र ही मुभा नाहीं. त्या चांचणीचें शास्त्र जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनीं १८९५ सालीं मांडलें होतें. संशयित द्रव्याचा लहानसा अंश त्वचेवर बांधून ठेवावयाचा आणि एकदोन दिवसांनीं तेथें लाली किंवा फोड येतात काय तें पाहावयाचें. इस्पितळांतील ही रीत कायद्यानें घराघरांत पोंचविली. पूर्वींची गृहिणी जें मनगटावर सहज करीत असे, तेंच आतां छापील सूचनेच्या रूपानें परत आलें.

परंतु या परत येण्यांत एक मेख आहे. चांचणी लावणारीनें केली पाहिजे, म्हणजे न केल्यास दोषहि तिच्याच माथीं. शिवाय या प्रकोपाचा स्वभाव असा, कीं पहिल्या खेपेस निमूट राहिलेलें शरीर पांचव्या खेपेस बंड करूं शकतें. म्हणून केंस रंगवणाऱ्यानें प्रत्येक वेळीं ४८ तास आधीं कानामागें किंवा कोंपराच्या आंतल्या बाजूस थेंब लावून पाहणें अवश्य असतें. हें किती जण करतात हें वाचकांनींच आपल्या घरांत विचारून पाहावें. लग्नसराईंत हातांवर काढली जाणारी झटपट ‘काळी मेंदी’ हा याच द्रव्याचा दुसरा अवतार असूं शकतो. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस असतो. तो काळाभोर झाला तर त्यांत पानाव्यतिरिक्त कांहीं आहे असें समजावें.

परीक्षेचा भार मुक्या प्राण्यांवर टाकण्याचा मार्गहि जगानें चोखाळून पाहिला. १९४४ सालीं जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सशांच्या त्वचेवर व डोळ्यांत द्रव्यें घालून पाहण्याची पद्धति प्रसिद्ध केली आणि ती पुढें सर्वत्र रूढ झाली. या क्रौर्याविरुद्ध लोकमत जागें होत गेलें, आणि २०१४ सालीं भारतानें प्रसाधनांसाठीं प्राण्यांवर चांचणी करण्यास बंदी घातली.

आपल्याकडील कायद्याची वाटचाल अशीच सावकाश झाली. १९४० चा औषधि कायदा प्रसाधनांना लागू नव्हता. १९६२ च्या दुरुस्तीनें तीं त्यांत आलीं, आणि २०२० सालीं प्रसाधनांचे स्वतंत्र नियम झाले. पाऱ्याविषयीं त्यांचा दंडक कडक आहे: डोळ्यांभोंवतींचीं प्रसाधनें वगळतां इतरांत नकळत आलेला पाराहि दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक नसावा. मिनामाटा करारांतील राष्ट्रांनीं तर २०२३ च्या परिषदेंत पारा मिसळलेल्या प्रसाधनांचें उत्पादन व व्यापार २०२५ पर्यंत सर्वस्वी बंद करण्याचें ठरविलें. आणि तरीहि याच वर्षांत केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांतील डॉक्टरांना एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे रोगी वाढलेले आढळले. १५ रोग्यांत तो विकार निश्चित झाला. त्यांतील १३ जण गोरें करणारीं मलमें वापरीत होते. पारा त्वचेंतील रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेस अडथळा करतो. म्हणून लावणारास प्रथम गुणच दिसतो. चेहरा उजळला, खाज नाहीं, आग नाहीं. म्हणजे घरच्या परीक्षेंत मलम पहिल्या श्रेणींत उत्तीर्ण! शिशाची जुनी कथा येथें पाऱ्याच्या रूपानें पुन्हां घडली.

या कथेंत द्रव्याइतकाच समाजाचाहि दोष आहे. ज्या घरांत मुलीच्या वर्णावरून तिच्या लग्नाची चिंता केली जाते, त्या घरांतील मुलगी मलम चोरून लावते, आणि अपाय झाल्यास डॉक्टरांपासूनहि तें लपविते. टिकलीच्या डिंकांतील एका रसायनानें कपाळावर पांढरा डाग पडतो, हें त्वचारोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. पण कोडाच्या भीतीनें डाग झांकण्यासाठीं त्याच जागीं आणखी मोठी टिकली लावणाऱ्या स्त्रिया आहेत. परीक्षेचा निकाल उघड बोलण्याची मोकळीक नसेल तर ती परीक्षा व्यर्थ होय.

आज घरगुती प्रयोगांना पुन्हां बहर आला आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर पाहून कोणी चारपांच आम्लें एकाच आठवड्यांत तोंडास लावते, तर कोणी रसायनांस कंटाळून स्वयंपाकघराकडे वळते. घरचें म्हणजे निर्धोक हा समजहि खरा नव्हे. लिंबाचा रस चोळून उन्हांत गेल्यास त्वचेवर फोड व काळे डाग येतात. या प्रयोगांना हंसण्याचें कारण नाहीं. आपली त्वचा आपणच ओळखली पाहिजे हें खरेंच आहे. परंतु वरील इतिहासावरून अशा परीक्षेच्या कांहीं अटी निघतात. काय लावीत आहों हें लेबलावरून नीट वाचून घ्यावें, आणि ज्यावर घटकद्रव्यांची यादी व उत्पादकाचा पत्ता नाहीं तें घरांत आणूं नये. एका वेळीं एकच नवी वस्तु, लहानशा जागीं, दोन दिवस वाट पाहून लावावी, म्हणजे गुण किंवा दोष कशाचा हें कळतें. आणि अपाय झाल्यास तो न लाजतां डॉक्टरांस व शेजारणीसहि सांगावा.

यापलीकडची जी परीक्षा, म्हणजे शिसें, पारा, थॅलियम यांसारख्या संथ विषांची, ती कोणत्याहि आरशापुढें होऊं शकत नाहीं. ती प्रयोगशाळेंतच झाली पाहिजे, आणि वस्तु बाजारांत येण्यापूर्वीं झाली पाहिजे. सेअर यांच्या त्या तिघी आणि मलप्पुरमचे ते तेरा जण यांच्यामध्यें दीडशें वर्षांचें अंतर आहे. त्यांनीं सावधगिरी घेतली नाहीं असें म्हणतां येत नाहीं, कारण त्यांना सावध होण्यास वाव देणारी माहितीच कोणीं दिली नव्हती. ती देण्याचें काम विकणाराचें, आणि ती देवविण्याचें काम राज्याचें आहे.